बेयाचं बुटकं स्टूल

स्फाक्स, १४ नोव्हेंबर

आदरणीय लल्ला मन्नूबिया यांना तिजानीचा सलाम.

आज वारा नव्हता. सकाळी कबरस्तानात जाऊन आलो, दुपारी कालचा शोरबा तापवून घेतला. तुमचे गुडघे आता कसे आहेत? माझं बरं आहे. फक्त तुमच्या बहिणीचा, माझ्या बेयाचा, चाळिसावा दिवस झाल्यापासून पोट साफ होत नाही. (थोरल्या मेहुणीला असं लिहू नये, पण लिहायला दुसरं कोण आहे?) दुःखामुळे होतं, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून चाललो.

शेजारच्या सालहाने ऑलिव्हच्या तेलात भिजवलेली अंजिरं दिली. चव उत्तम, परिणाम काही नाही. औषधवाल्याच्या पुडीने पोटात वादळ उठलं, दारापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. एनिमाबद्दल लिहीत नाही (एकदा पुरे). शेवटी इस्पितळात गेलो. तिथे आत एक फुगा ठेवतात आणि बाहेर ढकला म्हणतात. मी निवृत्त भूमापक, वय सदुसष्ट. फुगा जिंकला. मग पडद्यावर स्नायूंची रेघ दाखवून ते सैल सोडायला शिकवतात. शिकवणारी सुहैर नातीच्या वयाची. म्हणाली, "अहो काका, एका हाताने दार ढकलताय आणि दुसऱ्याने कडी धरून बसलाय! सोडा की!" सोडतोच आहे, म्हटलं. "रेघ वर चाललीय, काका. तिला तुमची भीड नाही." पाचव्या खेपेला रेघ खाली आली. सगळ्या उपायांत हाच खरा, असं माझं मत आहे.

निघताना तिने विचारलं, "घरी कमोडवर बसताना पायाखाली काय घेता? गुडघे वर हवेत." तेव्हा आठवलं. बेया कुसकुसचे दाणे वळायला ज्या बुटक्या स्टुलावर बसायची, ते ती रोज सकाळी संडासात ठेवायची. स्वयंपाकघरात अडचण नको म्हणून ठेवते, असं मला वाटायचं. तीस वर्षं त्यावर पाय ठेवून पेपर वाचला, कधी विचारलं नाही. चाळिसाव्याला तिच्या वस्तू वाटल्या, तेव्हा ते तुम्ही नेलंत. गाडीत मीच ठेवलं.

आपला,
तिजानी

ता. क. आठवण म्हणून दिलेली वस्तू परत मागणं शोभत नाही. तरी ते स्टूल पाठवाल का? बदल्यात तिची तांब्याची परात घ्या.

आणखी एक. खरं तर काल बाजारातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. उंची बरोबर आहे, कामही झालं. तरी तेच पाठवा. ते असायचं तिथली फरशी फिकट राहिली आहे, झाडताना मी तिला वळसा घालतो.

आता उठतो. अंजिरं भिजत घालायची आहेत, चवीसाठी.