गडगा सरकल्याची खबर

श्रीवर्धन,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. हेमाली हिला, समुद्रावर जिथं असशील तिथं, किनाऱ्यावरच्या आजीचे पोटभर आशीर्वाद.

जपानच्या पाण्यावर थंडी फार असेल, कान झाकत जा. बोटीवर भात मिळतो हे ऐकून जीव भांड्यात पडला. माझं बरं चाललंय. कंबर तेवढी धरली आहे (का, ते शेवटी). अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच. माझी शाळा चौथीत सुटली, पण आवाज शाबूत आहे.

तू फोनवर समजावलंस ते मी वाडीतल्या दर सुपारीला सांगून पाठ केलं. समुद्राच्या तळाशी एक कातळ दुसऱ्याच्या पोटाखाली शिरतो. अडकून एकदम सुटला की भूकंप. पण कधी कधी तो गुपचूप सरकतो, पंधरा दिवसांत चार बोटं, ना हादरा ना आवाज, किनाऱ्यावर कुणाच्या कपातला चहासुद्धा हलत नाही. म्हणून तुम्ही तळाला पेटी ठेवता. ती डोक्यावरचं पाणी तोलत बसते. तळ उचलला की पाणी कमी भरतं, ते ती टिपून ठेवते. वर्षभर अंधारात एकटी. मग तुमची बोट येऊन वरून हाक मारते आणि पेटी पायातलं वजन सोडून वर येते. (ही पेटी मला फार आवडली. हाक मारली की येते, हे विशेष.)

मला ते लगेच पटलं, कारण आपल्या घरात तसंच झालं. तुझा बाप धनेश काही भांडून पनवेलला गेला नाही. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्यानं, मग गणपतीला. कप हलला नाही.

तर मीही मोजायचं ठरवलं. आपल्या आणि शेजारच्या सोनाबाईच्या वाडीमधला चिऱ्यांचा गडगा तुला आठवत असेल. चाळीस वर्षं त्याच्यावर कोपरं टेकून आम्ही दोघी बोललो. पण तिच्या सुनेनं तिला मोबाईल दिला आणि बाई त्यातल्या मालिकांत बुडाली. गडग्यावर आता नुसते सरडे. मी वैशाखात सुपारीपासून गडग्याच्या कोपऱ्यातल्या चिऱ्यापर्यंत सुंभ ताणून गाठ मारली. श्रावणात पाहते तर गाठ चार बोटं अलीकडे. म्हणजे गडगा तिच्या वाडीत गेला. मी हाक घातली, "सोनाबाय, माझी वाडी वाढली गो."

मोबाईल तसाच बोलता ठेवून ती बाहेर आली. "सरकायला गडगा काय चालता हाय? तुझं डोकं सरकलंय." मी तिला जपान समजावलं. ती म्हणाली, जपानात गडगे न्हायत. सकाळच्या चहापासून भांडलो ते तिचा भात करपेपर्यंत. हेमाली, तुला खोटं सांगत नाही, असा दिवस वर्षात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या बाजूनं मासे पकडायची नायलॉनची दोरी लावली. मग रोज मोजणी, रोज भांडण, मधे चहा माझ्याकडे.

तू सांगितलं होतंस की पेटीसुद्धा हळूहळू खोटं बोलायला लागते, म्हणून शेजारी दुसरी ठेवतात. तसंच निघालं. भिजून माझं सुंभच आखडलं होतं. दिवाळीनंतर सुकलं आणि गाठ बरोबर चिऱ्यावर बसली. सोनाबाई हसली, दोरी गुंडाळली आणि मोबाईलकडे गेली. आठ दिवस सरडे.

मग गडगा खरोखरच सरकला. तिनं गुंडाळलेली दोरी परत ताणली, तर दोन्ही दोऱ्यांवर दोन बोटं, तिच्या वाडीत. आता ती म्हणते, तुझं सुंभ नको, माझी दोरी नको, समुद्राचा तळ मोजणारी नात येऊन सांगेल तोच निकाल. मीही कबूल केलं. तेव्हा यावंच लागेल. बाकी सगळं जागच्या जागी आहे, गडगा सोडून.

तुझी आजी,
आवडाबाई

ता.क. – तो कोपऱ्यातला चिरा मी सरकवला. दुपारी ती मोबाईल छातीवर ठेवून झोपते तेव्हा, पहारीनं. कंबर धरली ती त्यानंच. मला तिची दोन बोटं नकोत, तू आलीस की परत ढकलू.

आणखी ता.क. – पत्र चिकटवायच्या आत सोनाबाईनं हाक मारली, "बाहेर ये, तुझी जागा कमी झाली गो." पाहिलं तर विहिरीकडचा चिरा माझ्या वाडीत तीन बोटं आलेला. त्याला मी हात लावलेला नाही. आणि तीही कंबरेला हात लावून उभी होती. मी चहा टाकला.

तेव्हा ये, पण निकाल लगेच देऊ नकोस. असल्या मोजणीला वर्ष लागतं, असं तिला शास्त्राच्या भाषेत सांग.