पाणी किती गरम

मंगळवार, ४ जून
पुन्हा अडकला! पावाचा घास, छातीच्या बरोब्बर मधोमध. वरून पाणी प्यायले तर तेही उलटून आलं. दार्दो लाकडाचा ट्रक घेऊन रिव्हेराला गेलाय, नाहीतर त्याने पाहिलं असतं. महिन्यातली ही पाचवी वेळ. कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते — मला भीती वाटते.

शनिवार, ८ जून
दार्दोची बहीण नेल्बा आली होती. मॅते केला — भोपळ्याच्या तुंब्यात सुकी पानं, वरून कढत पाणी. पहिल्याच घोटाला ओरडली, "वहिनी, तुझं पाणी जीभ सोलून काढतं गं!" आणि लगेच दुसरा मागितला. मला या गोष्टीचा केवढा तोरा! किटलीची शिट्टी वाजली की पाणी थेट थर्मासमध्ये. बाकीच्यांचं पाणी पाय धुवायच्या लायकीचं.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचे मामा कशाने गेले गं? "अन्ननलिका. शेवटी थेंब उतरत नव्हता." — आणि भोपळा पुढे केला, भर म्हणून! पाणी भोपळ्याबाहेरच ओतलं. अंगठा भाजला.

सोमवार, १० जून
डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा लहान. सिगारेट? नाही. वाइन? रविवारी. मॅते? मला हसूच आलं. श्वास घेता का, असं विचारल्यासारखं!
"किती गरम?"
"शिट्टी वाजली की."
तिने पेन खाली ठेवलं. "पानांना जरा बाजूला ठेवू, बाई. मला काळजी पाण्याची आहे. निवू देत जा."
गुरुवारी घशातून कॅमेरा घालणार. काही दिसलं तर तुकडा काढणार. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

मंगळवार, ११ जून
आज पाणी निवू दिलं. चांगली दहा मिनिटं. दार्दोने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिला. आमच्याकडे कोमट मॅते हातात ठेवला की त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल — ऊठ, चालू लाग!
"माझं काय चुकलं?"
"काही नाही. पी."
"एकतीस वर्षांत असं पाणी दिलं नाहीस, मिर्ता. कोण आहे तो?"
कोण आहे म्हणे! अठ्ठावन्न वर्षांची मी, गुडघ्यांना तेल चोळणारी! आधी हसू फुटलं, मग रडू. मग सगळं सांगून टाकलं. तो भोपळा नुसता हातात धरून बसला. शेवटी म्हणाला, "म्हातारे, मी येतो गुरुवारी."

गुरुवार, १३ जून
झालं. तुकडा घेतला. आठ दिवस थांबा म्हणाले. आठ दिवस!

रविवार, १६ जून
शिवायला घेतलेल्या शाळेच्या झग्याला बाही उलटी शिवली. उसवली. परत उलटीच शिवली.

शुक्रवार, २१ जून
नाही! कॅन्सर नाही! आतून भाजून भाजून जखम झालीय, नळी आवळलीय. गोळ्या, कोमट पाणी, सावकाश जेवण. दार्दो बाहेर बाकावर बसला होता. सांगितलं तर भर कॉरिडॉरमध्ये मला मिठी मारून हमसाहमशी रडला. इतका! मीच त्याची पाठ थोपटत होते. रविवारी मटण भाजायचं ठरवलंय, माझं बारीक चिरून.

रविवार, २३ जून
मी खाल्लं. हळूहळू, पण सगळं उतरलं. त्याचं ताट तसंच. गार होतंय, म्हटलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मला चार महिने झाले, मिर्ता. पातळच उतरतं."
बोलला का नाहीस, विचारलं.
"आधी भीती वाटली. मग तुझं निघालं. म्हटलं, तुझं आधी होऊ दे."