तळ्यावरचं मीठ

चित्रीकरणाचा तळ, सिएरा डोंगर, कॅलिफोर्निया
९ जानेवारी १९३९

ति. लौगाताईस,
हालमारचा सा. न. वि. वि.

तुझा केक पोचला. वाटेत त्याचे सात थर एक झाले होते, पण आलुबुखाराची चव तीच. निम्मा ऑर्व्हिलनेच फस्त केला. ऑर्व्हिल टीग म्हणजे माझा जोडीदार, ओक्लाहोमाचा. घोड्यावरून पडायचं असलं की माझा कोट घालून तो पडतो आणि उठून गायचं असलं की मी गातो. लोकांना दोघांत मिळून एकच शूर शिपाई दिसतो.

एकदम तीन चित्रपट चाललेत. तिन्हींत मी उत्तरेकडचा घोडेस्वार पोलीस, तिन्हींत तोच चोर कातडी पळवतो आणि तिन्हींत मी गात गात त्याच्या मागे लागतो. हसू नकोस. गाणं आधीच मुद्रित झालेलं असतं. ते कर्ण्यातून वाजतं, मी नुसते ओठ हलवतो. लाल कोटही खरा तपकिरी आहे, काळ्यापांढऱ्या चित्रात कुणाला कळतंय!

आता उरलाय गोठलेल्या तळ्यावरचा पाठलाग. वाऱ्याने वरचं हिम उडून गेलंय आणि उघडा बर्फ कॅमेऱ्यात चिखलासारखा दिसतो. म्हणून दिग्दर्शक क्रेगनसाहेबांनी ट्रकभर जाडं मीठ आणवलंय. रोज थोडंथोडं पसरतात. उन्हात काय झकास चमकतं! मी म्हटलं, कंपनीचं एवढं मीठ म्हटल्यावर मिठाला जागावंच लागणार. हे दृश्य मुद्दाम शेवटी, वीस तारखेला ठेवलंय. का, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, तोवर तुझं बाकीचं काम उरकलेलं बरं. सगळे हसले. मीही हसलो.

लोभ आहेच, सोबत आणखी एक केक असावा, ही विनंती.

तुझा,
हालमार


गिम्ली, मॅनिटोबा
१४ जानेवारी १९३९

चि. हालमार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मासळी भरता भरता वाचलं आणि हातातलं काम हातातच राहिलं. मीठ? अरे गाढवा, बर्फावर मीठ? बाबांबरोबर घोडे जुंपून गोठलेल्या सरोवरावर मैलोन् मैल जाळी टाकायला जात होतास ना तू? दारातल्या पायरीवरचा बर्फ घालवायला आपण काय टाकतो, तेही विसरलास? कॅलिफोर्नियाच्या उन्हात तुझी अक्कल वितळली की काय?

निळा बर्फ घोडा पेलतो, पांढरा माणूस पेलतो, करडा कुणालाच पेलत नाही. आपल्याकडे पोरं बोलायला लागली की हे पाठ करतात. तुमच्या त्या मिठाखाली रंग दिसणार कसा? त्यातून दुपारचं ऊन. भोक पाडून जाडी कुणी बघितली का, आणि कुठे? एका जागचं बघून सगळं तळं कळत नसतं.

मिठाला जागावं हे खरं, पण त्याच्यावर घोडा घालू नये. इथला आपला खराखुरा पोलीस मोटारीतून फिरतो, गाणं तर त्याच्या सात पिढ्यांत नाही. पण बर्फावर जायचं झालं की आधी कोळ्यांना विचारतो.

तुमच्या डोंगरात तार पोचत नाही, म्हणून या पत्रावर सगळी भिस्त. मला फार भीती वाटते आहे रे. तू त्या तळ्यावर पाऊल टाकू नकोस. काम गेलं तर घरी ये, जाळी आहेत, घर आहे.

पोच दे. तोवर मला घास गोड लागायचा नाही.

तुझी ताई,
लौगा


तळावरून
२१ जानेवारी १९३९

ति. ताईस सा. न.

तुझं पत्र एकोणीसला मिळालं. आपल्या भाषेतलं इंग्रजीत करत करत क्रेगनसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, काठावरच्या लाकडी धक्क्याशी भोक पाडून पाहिलंय, आठ इंच आहे, आणि तुझी बहीण मासळीवाली ना, तिने मासळी बघावी. मी म्हटलं, मग मी जाणार नाही. मला वाटलं भांडण होईल, दृश्य रद्द होईल. त्यांनी नुसतं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, लांबूनच तर घ्यायचंय, टीगला कोट दे.

ताई, मी कोट दिला. ऑर्व्हिलला सगळं सांगितलं, करड्या बर्फाचंही. तो म्हणाला, आमच्याकडे असली तळी नाहीत, त्यामुळे भ्यायचं कशाला तेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. कोट त्याला गळ्याशी घट्ट होता, म्हणून बटणं मीच लावली. खरं सांगतो, लावताना मला हायसं वाटत होतं.

दुपारी दोनला कर्ण्यावर माझं गाणं लागलं. तो तळ्याच्या मध्यावर पोचला आणि मीठ खाली बसलं. आवाज फारसा झालाच नाही. आधी घोडा दिसेनासा झाला, मग तो. बाबांनी शिकवलं तसा मी दोर घेऊन पोटावर सरपटत गेलो, पण भोकाच्या कडा ओल्या साखरेसारख्या हातात येत होत्या. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत वाजत राहिलं. ते बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

आज सकाळी मला लाकडी घोड्यावर बसवून चेहरा जवळून घेतला. पाठलाग जिंकल्याचं हसू हवं होतं. मी हसलो.

हालमार


गिम्ली
२९ एप्रिल १९३९

चि. हालमार यास आशीर्वाद.

मध्यंतरीची तुझी दोन-दोन ओळींची पत्रं मिळाली. काल तुझा चित्रपट आपल्या सभागृहात लागला. सगळं गाव आलं होतं. पाठमोरा स्वार तळ्यावर दौडत मध्यापर्यंत गेला, तिथे चित्र तोडलंय, आणि लगेच तुझा हसरा चेहरा. लोकांनी तुझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. मला बसवेना. उठून मोठ्याने सांगितलं की तो हालमार नव्हता, त्याचं नाव ऑर्व्हिल टीग, आणि तो तिथेच बुडाला. लोक म्हणाले, खाली बस, दिसत नाही. शेजारीण म्हणाली, बहिणीच्या डोळ्यांत पाणी येणारच, भाऊ एवढा धाडसी म्हटल्यावर.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुझं ते जानेवारीतलं दुसरं पत्र वाचून मी आधी गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले. त्याच्यासाठी रडू आलं ते दुसऱ्या दिवशी.

त्याची आई आहे का रे? असेल तर पत्ता पाठव. काय लिहायचं ते मला सुचत नाही. माझं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं असतं, तर आज ती मला लिहायला बसली असती.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, आता त्याची मला गरज आहे.

तुझी,
लौगा