जावई कोणी खाल्ला?

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (प्रयोगशाळेची फरशी खाऱ्या पाण्याने ओली आहे, तेव्हा तूर्त खुर्चीतूनच.) तब्येत कशी आहे? मामी म्हणतात, इथून परतल्यापासून तुमचं पोट जड आहे. गरम पाणी घेत जा. माझं विचाराल तर अन्नावरची वासना उडाली आहे आणि सोमवारी बहुधा नोकरीही उडेल.

तुम्ही इथे राहून गेलात, तेव्हा माझं काम पाहिलंच आहे. ("किनाऱ्यावरचे खेकडे काय खातात हे शोधायला पगार मिळतो? काहीही खातात, मी फुकट सांगितलं असतं," असं तुम्ही आमच्या मॅडमना सुनावलंत. वर "यांना आपण कधी खायचं?" असंही विचारलंत. त्या ते विसरलेल्या नाहीत.) तुमचं चूक नव्हतं. आमचे खेकडे शेवाळ, शिंपले, किडे, मेलेला मासा आणि वेळ पडली तर शेजारी, असं मिळेल ते खातात. अपवाद एकच, चौथ्या टाकीतला. शिंपल्यांना तोंड न लावता तो फक्त शेवाळ उचलायचा, तेही निवडून, नाक मुरडत (नाक नसताना). म्हणून त्याचं नाव जावई. त्याच्या नांगीवर मी हौसेने पिवळा ठिपका लावला होता. माझा अख्खा प्रबंध या जावयाच्या शाकाहारावर उभा होता. टाकीतले शिंपले मात्र हळूहळू कमी होत होते. खरं काय ते पोट उघडल्यावरच कळणार होतं, आणि तो मुहूर्त याच आठवड्यात होता.

तुम्ही गेलात त्या सकाळी चौथी टाकी रिकामी! मी घाबरलो नाही. खेकडा कात टाकतो, मऊ अंगाने दगडाखाली दडतो आणि टाकलेलं कवच स्वतःच खातो, म्हणजे जुना कोट ताटात वाढून घेतो. दगड उचलला. खाली कोणी नाही. मग दिसलं की पाचव्या टाकीची जाळी सरकली आहे. पाचवीत सासूबाई राहत. कात टाकलेला शेजारी म्हणजे त्यांना आयता घास. माझ्या मते उलगडा झाला होता.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे जावयाने कवच खाल्लं आणि सासूबाईंनी जावई खाल्ला. बरं. आणि तुम्ही मामा-भाच्यांनी काय खाल्लंत? काल रात्री तुमच्या खोलीतून वास येत होता."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, ते खेकडे बाजारातले होते, मामांनी स्वतः आणले, स्वतः रांधले. शेवटी पुराव्यासाठी सासूबाईंचं पोट उघडावं लागलं. (खेकड्याचे दात पोटात असतात, मामा. आपल्यात एखाद्याला असं म्हटलं तर भांडण होईल.) आत निघालं निव्वळ शेवाळ. बिचारी निर्दोष गेली. आता जावई नाही, सासूबाई नाहीत, प्रबंध नाही, आणि सोमवारी सगळ्या विभागासमोर मला खुलासा करायचा आहे.

तेव्हा मॅडमना दोन ओळी लिहा, की खेकडे बाजारातून आणले होते. वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. मामींना नमस्कार.

तुमचा (अजून तरी नोकरीत असलेला) भाचा

ता. क. पोटाचं कळवा. तुमच्या.

आणखी ता. क. खोलीवर येऊन पाकीट चिकटवणार, तोच तिथली मोरी तुंबली. जाळी उचलली तर खाली नांगीचा तुकडा, आणि त्यावर पिवळा ठिपका. बाजारातल्या खेकड्यांना कोणी ठिपके लावत नाही, मामा. मॅडमना एक अक्षरही लिहू नका. त्या दिवशी मी तीनदा वाढून घेतलं होतं.

शेवटचं ता. क. झालं ते झालं. मी कुणाला सांगणार नाही. फक्त आठवून एवढं कळवा: साफ करताना त्याच्या पोटात शेवाळ होतं की शिंपले?