भिंतीला पाच रोलर

सोमवार, ३ तारीख. सकाळी ९.४०
आजपासून नियमित रोजनिशी. मोठं काम हाती असलेल्या माणसानं नोंदी ठेवलेल्या बऱ्या.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या कंपनीच्या क्रेन, रोलर, खोदाईची मशीनं आजवर यार्डातल्या मावशी फोनवरून वाटायच्या. हा रोलर या साइटला, ती क्रेन त्या साइटला. आता प्रोग्रॅमरबाईंनी एपीआय बनवलाय. साइटच्या कॉम्प्युटरनं आपल्या कॉम्प्युटरकडे मशीन मागायचं, की ते त्या प्रोजेक्टच्या नावावर लागतं आणि ड्रायव्हरला थेट मेसेज जातो. हे कसं वापरायचं ते साध्या भाषेत लिहायची जबाबदारी माझी. मुदत एकवीस तारीख. साहेब म्हणाले, जमलं तर डॉक्युमेंटेशन विभागच काढू, प्रमुख तुम्ही. ‘जमलं तर’ हे ते उगाच म्हणाले.
संकल्प : रोज चार पानं. मुदतीच्या आधीच संपवून साहेबांना चकित करायचं.

मंगळवार, ४
फॉन्ट निवडला. दुपार गेली, पण फॉन्ट देखणा आहे.
प्रोग्रॅमरबाई म्हणाल्या, लिहिण्याआधी एकदा एपीआय चालवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं, आधी लेखन, मग तपशील. त्या आपल्या जागेवर जाऊन कामाला लागल्या. पटलं असावं.

शुक्रवार, ७
प्रस्तावना पूर्ण. बावीस पानं. माणूस आणि यंत्र यांचं नातं, चाकाचा शोध, लहानपणी घरासमोरचा रस्ता होताना मी रोलरकडे कसा टक लावून बघायचो, सगळं आलंय. बायकोला वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर ती गॅस बंद करायला उठली, ती परत आलीच नाही. भारावली असणार. काही माणसांना भावना दाखवता येत नाहीत.

मंगळवार, ११
साहेबांनी विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, पाया भक्कम झालाय. बांधकामवाल्यांशी बांधकामाच्याच भाषेत बोलावं.
रोज चार पानं हा संकल्प जरा बाळबोध होता. आता रोज आठ. उद्यापासून.

गुरुवार, १३. दुपारी ४
उदाहरणांचं प्रकरण. प्रोग्रॅमरबाईंनी एपीआयचे दोन पत्ते दिलेत, एक सरावाचा, एक खरा. सरावाच्या यादीत प्रोजेक्टची नावं ‘टेस्ट १’ आणि ‘टेस्ट २’. वाचकाच्या पानात इतकं कोरडं कसं वाढायचं? खऱ्या यादीतून प्रोजेक्ट ३१ घेतला. दवाखान्यामागची कुंपणाची भिंत. छोटं, गोड उदाहरण. तिला एक रोलर लावून पाहिला. स्क्रीनवर नुसतं ‘२०१’ उमटलं. एरर, दुसरं काय! रोलर बदलून बदलून एकूण पाच वेळा पाठवलं. पाचही वेळा तेच. ‘आपल्या एपीआयमध्ये दोष आढळला’ असा मेल केला. भाषा सौम्य ठेवली. बाईंचं मन दुखवायचं नव्हतं.

शुक्रवार, १४. सकाळी १०.१५
भिंतीवरच्या गवंड्याचा फोन. म्हणाला, साहेब, पाच रोलर आलेत, भिंत चोवीस फुटांची आहे, आडवे चालवू की उभे?
तिकडे नव्या रस्त्यावर गरम डांबर पसरून ठेवलेलं, माणसं रोलरची वाट बघतायत आणि डांबर निवत चाललंय. रस्त्याचा इंजिनीअर फोनवर जे बोलला ते डॉक्युमेंटेशनमध्ये घेता येणार नाही.
प्रोग्रॅमरबाई धावत आल्या. म्हणाल्या, अहो, २०१ म्हणजे ‘झालं’! मी म्हटलं, मग सरळ ‘झालं’ असं का नाही लिहीत? मुद्दा बिनतोड होता, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. साहेबांचा चेहरा लालबुंद.
मावशींनी चार फोन फिरवले आणि डांबर पुरतं निवायच्या आत चार रोलर रस्त्याला लागले. पाचव्याचा ड्रायव्हर किल्ली घेऊन नाश्त्याला गेलेला, तो रोलर तिथंच, भिंतीच्या नावावर राहिला.
एकंदरीत एपीआय उत्तम चालतो हे माझ्यामुळे सिद्ध झालं.

मंगळवार, १८
साहेबांचा हुकूम : सरावाच्या पत्त्यावर चालवून बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही आणि लिहिलेलं मावशींना दाखवायचं. दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बरीच पानं उलटली आणि विचारलं, दादा, यात मशीन कुठून सुरू होतं? म्हटलं, तेविसाव्या पानावर. त्या म्हणाल्या, तोवर काम संपून साइट बंद होईल की हो. मग शेजारी बसवून घेतलं, डब्यातलं अर्धं मला दिलं आणि कोणतं मशीन कुठं नि का जातं ते सगळं सांगितलं. फार गोड बाई. लेखनातलं मात्र कळत नाही.
प्रस्तावना कापली नाही. अक्षरं बारीक केली.

शुक्रवार, २१. संध्याकाळी ५.५५
सुपूर्त! चौसष्ट पानं. ऑफिस सहाला सुटतं, म्हणजे मुदतीच्या आत. साहेबांनी गठ्ठा हातावर तोलला आणि म्हणाले, बराच झालाय. सगळ्या साइटना प्रती रवाना.
विभागप्रमुखाची खोली कुठली असावी? खिडकीची बरी.

मंगळवार, २५. दुपारी १२.३०
पहिला वाचक! भिंतीवरचा गवंडी. म्हणाला, पान आणि पान वाचलं, दोनदा. भिंत पुरी झाली, पण रोलर आडवा उभा आहे आणि फाटक बसवता येत नाही, म्हणून बसून वाचलं. चाकाच्या शोधाचा भाग आवडला म्हणाला. माझा ऊर भरून आला. मग त्यानं विचारलं, मशीन परत कसं पाठवायचं ते कुठल्या पानावर आहे?
म्हटलं, बघून सांगतो.
एक ते चौसष्ट बघितलं. मग चौसष्ट ते एक. मशीन मागायचं कसं, ते चार प्रकारे आहे. परत पाठवायचं कसं, ते नाही.
प्रोग्रॅमरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी लेखी दिलेल्या पानावर दुसरीच ओळ होती. ते पान मी फॉन्ट बघायला वापरलं होतं.
शेवटी मावशींना फोन लावला. उचलत नाहीत. माझं डॉक्युमेंटेशन वाचण्यात गुंग असणार.