तिसऱ्या खडकाखालचं पाणी

साकॉनेट, ऱ्होड आयलंड
२ जून १९७१

ती. जिलदादास,
झुल्मिराचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पायाची जखम अजून भरत नाही हे वाचून काळजी वाटली. एप्रिलमध्ये बोट पाण्यात उतरवताना ती गाड्यावरून घसरली, त्यात तुझा पाय गेला नाही हेच नशीब समज आणि निमूट पडून राहा. नर्सबाईंशी भांडू नकोस.

आता रागाव. तुझी बोट ‘सांता इरिया’ मी रोज बाहेर काढते आहे.

दोन वाव, म्हणजे बारा फूट, खाली सोडलेला नांगर दिसेनासा झाला की पट्टेरी बास माशांचा नाद सोडून परत फिरायचं, असं तू बजावलंस. बाबांचाही तोच नेम. मागच्या वादळापासून इथलं पाणी घेवड्याच्या सुपासारखं झालंय आणि सगळ्या बोटी धक्क्याला बांधून आहेत. होरेस पेकमही आपली बोट बांधून पाइप ओढत सर्वांना सांगत होता की बास खोल समुद्रात गेले. मी त्याला विचारलं की हे कुणी खाली जाऊन बघितलंय का. तो इतका हसला की पाइप विझला. मग मीच बघायला गेले.

चुलतबहीण तेओदोराने कमरेची दोरी धरली. रबरी पोशाख घालून, श्वास रोखून तिसऱ्या खडकाशी तीन वाव उतरले. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसेनात. वर लाटा फुटत होत्या, पण खडकाच्या आडोशाला पाणी जवळजवळ थांबलेलं आणि हातभर निवळलेलं होतं. तिथे आधी काळे पट्टे दिसले, मग मासा. मग त्याच्या शेजारी दुसरा. प्रवाहाकडे तोंड करून उभे होते, चर्चमध्ये मागच्या बाकापाशी उभी असतात तशी शांत माणसं. एकाचं शेपूट माझ्या दंडाला लागलं. मोजायला गेले तोवर श्वास संपला.

दादा, मासे कुठेही गेलेले नाहीत. आपण आमिष वरून ओढत नेतो आणि त्या गढुळात ते त्यांना दिसत नाही, एवढंच.

तब्येत सांभाळ. लोभ ठेव, आणि राग आला तर तोही इकडेच पाठव.
तुझी झुल्मिरा


बोस्टन
९ जून १९७१

चि. झुल्मिरास,
अनेक आशीर्वाद.

राग पाठवतो आहे. तुला अक्कल आहे का? ज्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही त्यात बाई उडी मारते, आणि दोरी कुणाच्या हातात, तर तेओदोराच्या! तिला स्वयंपाकघरात पातेलं धरवत नाही.

आता नीट वाच. मी होरेसला बोट विकण्याचं कबूल केलं आहे. तो रविवारी येईल, चाव्या दे आणि फॉल रिव्हर गावातल्या शिवणकामावर परत जा. उद्या माझा पाय गुडघ्याखाली काढणार आहेत. जखम सडली. एका पायाचा माणूस सुकाणूशी काय उभा राहणार? आणि बाईच्या बोटीवर हौसेने मासे धरायला येणारं गिऱ्हाईक चढत नाही, हे मी तुला सांगायला नको.

यावर वाद नको. जपून राहा.
तुझा भाऊ,
जिल


साकॉनेट
१६ जून १९७१

ती. जिलदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायासाठी पूर्ण एक दिवस रडले. तो दिवस झाला. आता बाकीचं.

होरेस आला होता. चाव्या दिल्या नाहीत. बाबांनी बोट आपल्या दोघांच्या नावावर केली होती, हे तू आणि होरेस दोघेही सोयीने विसरलात. मी त्याला सांगितलं की माझी अर्धी विकायची नाही; दादाची अर्धी हवी असेल तर पुढची घेणार की मागची, ते ठरवून ये. तो म्हणाला की तो तुझ्याकडे माझी तक्रार करणार. मी त्याला तुझ्या वॉर्डचा नंबर लिहून दिला.

मग लेद्यूक आले. वीस वर्षं तुझ्या बोटीवर येणारे, गिरणीतले मुकादम. पाणी तसंच गढूळ. मी आधीच सांगितलं की आज दादा नाही, मी आहे, आणि मी परत फिरणार नाही. ते थोडा वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले आणि मग चढले. मी बोट खडकाच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला धरली. जड शिसं, आमिषाला जिवंत वाम मासा, तळाला शिसं टेकलं की हातभर वर. तिसऱ्या खेपेला गळ असा ओढला गेला की लेद्यूक गुडघ्यावर आले. बावन्न पौंडांचा बास! त्यांनी माशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकोचं नाव घेतलं. ती मार्चमध्ये गेली, मला माहीत नव्हतं.

धक्क्यावर होरेस म्हणाला की नशीब लागतं. दुसऱ्या दिवशी त्याची बोट माझ्या मागोमाग येत होती. येऊ दिली.

तू म्हणशील तेव्हा भेटायला येईन. चाव्या मात्र घेऊन येणार नाही. तेवढं सोडून बाकी सगळा लोभ तुझाच.
झुल्मिरा


बोस्टन
२४ जून १९७१

चि. झुल्मिरास,
आशीर्वाद.

लेद्यूक फोटो घेऊन आले होते. दोन तास बोलत बसले, शेवटी नर्सने त्यांना बाहेर काढलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही आता तो मासा तोंडपाठ झाला आहे.

होरेसला कळवलं आहे की बोट विकायची नाही. तू हट्ट केलास म्हणून नव्हे. बावन्न पौंड म्हणून.

आता एक काम कर. तीस वर्षं मी त्या तिसऱ्या खडकावरून बोट नेली. तो खालून कसा आहे हे मला ठाऊक नाही, हे इथे पडल्यावर माझ्या लक्षात आलं. बाबांनाही ठाऊक नव्हतं. सगळं लिही. भेग कुठे आहे, शेवाळ कोणत्या बाजूला, मोठा मासा पुढे असतो की मागे. पाणी निवळल्यावर पुन्हा उतर आणि तेव्हाचंही लिही. चर्चबिर्च नको, मला अंतरं हवीत.

डॉक्टर म्हणतात की बोटीवर उभं राहणं विसरा. मी त्यांना विचारलं की पाण्याखाली उभं राहावं लागतं का. माझ्या मापाचा रबरी पोशाख मिळतो का बघून ठेव.

सप्टेंबरात येतो.
तुझा,
जिल