मंदा, तुझा पाय सुजला होता

प्रिय मंदा,

आज दुपारी अकोल्याहून परत आलो. रेखाच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. ती आणि सुरेश घरी गेले, मी मात्र वांग्याच्या वावरात येऊन बसलो. जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू गेल्याला आता दोन वर्षं होतील. तुझ्यामागे वर्षभरात रेखालाही तेच निघालं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तुझी धाकटी जाऊ, शेवटी शेवटी तुझी वेणी घालणारी. तोच दवाखाना, त्याच डॉक्टर मॅडम, तसाच आठवड्यातले पाच दिवस रेडिएशनचा शेक. त्यानंतरचा एक स्कॅन झाला, तोही तुझ्यासारखाच साफ आला. मॅडमनी तिलाही तेच सांगितलं, "आता सारखा स्कॅन नको. दर तीन महिन्यांनी तपासणीला या. कमरेत दुखलं, पाय सुजला, अंगावरून गेलं, तर मात्र वाट बघू नका."

सुरेशला ते पटलं नाही. ओट्यावर चार माणसांत तो म्हणाला, "स्कॅन केला नाही म्हणून वहिनी गेली. म्हैस विकीन, पण रेखाचा दर दोन महिन्याले करीन."

मी मान खाली घालून ऐकलं. दोन वर्षं मीही गावाला हेच वाटू दिलं होतं, की दवाखान्याने स्कॅन लिहून दिला नाही. ते सोपं होतं, मंदा. स्कॅनवर दोष टाकला की माणसाला झोप येते, असं मला वाटायचं. झोप काही आली नाही.

आठवतं, मॅडम स्कॅन नको म्हणाल्या त्या दिवशी आपण दवाखान्याबाहेर उसाचा रस प्यालो? तू म्हणालीस, "बरं झालं. त्या पैशात विहिरीची मोटर येते." मीही हसलो. मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंच आता मला खातं. मॅडमचं अर्धं बोलणं आपण घरी आणलं आणि अर्धं तिथेच ठेवून आलो.

तीन महिन्यांची तपासणी आली तेव्हा कांदा काढणीला आला होता. "आता कायले जाता? मले काही होऊन नाही राह्यलं," तू म्हणालीस. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. काऊन नाही म्हटलं? माझाही दिवस वाचत होता ना.

मग तुझ्या उजव्या पायाची चप्पल अंगणात घासू लागली. एका पायाचा आवाज वेगळा, ओढल्यासारखा. मी ओट्यावर बसून तो ऐकत होतो. अजून ऐकतो. भाजीची पाटी भरताना हात थांबतो, आणि अंगणात कुणी नसतं.

एका सकाळी तुझ्या त्या पायात जोडवं नव्हतं. मी विचारलं तर म्हणालीस, "रुतून राह्यलं." जोडवं रुतावं एवढा पाय सुजलाय, हे मला कळत नव्हतं का? कळलं होतं. विचारलं असतं तर निघावं लागलं असतं, आणि तिथे काय ऐकावं लागेल याची मला भीती होती. तुलाही होती ना? पण तू तरी मला का सांगितलं नाहीस, मंदा? एवढा का मी परका होतो?

शेवटी गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "सूज कधीपासून?" तू म्हणालीस, "आठ दिवस." आणि शेजारी उभा राहून मी म्हणालो, "हाव, आठक दिवस."

मागच्या आठवड्यात रेखाच्या तपासणीला सुरेशने मलाही जबरदस्ती सोबत नेलं. मॅडमशी तो भांडायलाच आला होता. त्यांनी शांतपणे समजावलं. उपचारानंतर तब्येत ठीक असलेल्या प्रत्येक बाईचा वारंवार स्कॅन केला तर थोड्याच जणींच्या हाती काही लागतं. बाकीच्यांच्या वाट्याला खर्च येतो, आणि एखादी साधी सावली दिसली की महिनाभराची धास्ती. त्यापेक्षा हाताने केलेली तपासणी आणि बाईला नीट विचारणं जास्त कामाचं. तक्रार असली, की मग स्कॅन हवाच.

"मंग आमच्या वहिनीचं काय?" सुरेशने विचारलं.

मॅडमनी तुझा जुना कागद काढला. "तीन महिन्यांच्या तपासणीला त्या आल्याच नाहीत. आणि सूज आठ दिवसांची सांगितली होती."

माझ्या तोंडून निघालं, "आठ दिवस नव्हते. पाच महिने होते. मला माहीत होतं."

सुरेशने झटकन माझ्याकडे मान वळवली. मी मॅडमना विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर वाचली असती?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." हो म्हणाल्या असत्या किंवा नाही म्हणाल्या असत्या, तर एकदाचं रडून मोकळा झालो असतो.

तेवढ्यात रेखा बोलली. माझ्यासमोर, भासऱ्यासमोर, कधी मान वर न केलेली रेखा. पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, "माही कंबर दुखून राह्यली, पंधरा दिवस झाले. हे म्हैस विकतीन म्हणून सांगतलं नाही."

मॅडमनी तिला लगेच आत नेऊन तपासलं आणि मग स्वतःच स्कॅन लिहून दिला. आज रिपोर्ट बघितला. आजार परतलाय, पण लहान आहे, एकाच जागी आहे, काढता येईल. मॅडम म्हणाल्या, "वेळेवर आलात."

सुरेश बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. माझ्याशी तो अजून धड बोलत नाही. बसमध्ये पाण्याची बाटली मात्र त्याने आधी माझ्याकडे दिली.

मंदा, माफी मागायला मी हे लिहिलं नाही. ती तू देऊन टाकशील, मला ठाऊक आहे. एवढंच सांगतो, ऑपरेशननंतर तिच्या प्रत्येक तपासणीला मी सोबत जाईन, वावरात कितीही काम असो. आणि दर सोमवारी तिच्या दारात उभा राहून विचारीन, दुखतं का, सुजलं का, अंगावरून जातं का. गाव हसेल, भासरा असं विचारतो म्हणून. हसू दे. ती खरं सांगेपर्यंत मी दारातून हलणार नाही.

तुझाच,
देवीदास